अंगणातले पेव्हर ब्लॉक का उचकतात?

गोदाकाठच्या गेवराई-माजलगाव भागात अंगणातले पेव्हर ब्लॉक पावसाळ्यानंतर खालीवर झाले, की दोष गवंड्याला दिला जातो. खरे कारण बहुधा खालच्या काळ्या मातीत असते. बेसाल्ट खडक झिजून बनलेल्या या मातीतील माँटमोरिलोनाइट या चिकणखनिजाचे कण पापुद्र्यांचे असून, भिजलेल्या वहीसारखे ते पाणी शिरताच फुगतात आणि उन्हाळ्यात आकसून जमिनीला भेगा पाडतात. म्हणून काळी माती शक्य तितकी खोदून काढून तिच्या जागी सहसा न फुगणारा मुरूम थराथराने पसरतात व प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवतात. बेताचे पाणी कणांना सरकून दाटीने बसू देते, जास्त झालेले पोकळ्यांतच अडून बसते. पाणी बाहेर काढणारा उतार तर सिमेंटहूनही मोलाचा. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, पाटोद्याकडे, मातीचा थर पातळ असल्याने हा खटाटोप पुष्कळ कमी होतो.