तीन पंचमांश माणूस

कायद्याच्या वर्गात अमेरिकन राज्यघटना शिकवताना ‘फेडरलिस्ट’ निबंधांचे गोडवे गायले जातात. त्यात खोटे काही नाही. 17 सप्टेंबर 1787 रोजी फिलाडेल्फियात मसुद्यावर सह्या झाल्या, पण 13 पैकी 9 राज्यांनी मान्यता दिल्याखेरीज तो अमलात येणार नव्हता. न्यूयॉर्कमध्ये विरोध जबर होता. तेव्हा अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे या तिघांनी ‘पब्लियस’ या एकाच टोपणनावाने 85 निबंध लिहिले, बहुतेक तिथल्या वृत्तपत्रांतून. राज्यघटनेचा वाद तलवारीने न सोडवता मतदारापुढे मांडला गेला, ही गोष्ट सामान्य नव्हे.

निबंधांनी न्यूयॉर्क जिंकले, असे मात्र म्हणता येत नाही. 1788 च्या वसंतातल्या निवडणुकीत विरोधकांचे 46 प्रतिनिधी निवडून आले, समर्थकांचे अवघे 19. तरी जुलैत 30 विरुद्ध 27 मतांनी मान्यता मिळाली, कारण न्यू हॅम्पशायर व व्हर्जिनिया आधीच आत गेले होते आणि दुरुस्त्यांसाठी प्रयत्न करण्याचे ठरले होते. 84 व्या निबंधात हॅमिल्टन हक्कांची सनद अनावश्यक, उलट धोक्याची ठरवत होता. विरोधकांनी हट्ट सोडला नाही. 1791 साली पहिल्या 10 दुरुस्त्या आल्या. अमेरिकन नागरिक आज कोर्टात ज्या भाषणस्वातंत्र्याचा आधार घेतो, ते मुख्यतः या हट्टाचे फळ होय.

आता 54 वा निबंध. आमचा धंदा वकिलीचा, त्यामुळे युक्तिवाद कुणासाठी चालला आहे हे आम्ही आधी पाहतो. प्रतिनिधिगृहातल्या जागा लोकसंख्येवर ठरणार होत्या. दक्षिणेच्या मालकांना आपले गुलाम त्यात मोजून हवे होते. मताचा हक्क मात्र द्यायचा नव्हता. तडजोड झाली : पाच गुलाम म्हणजे तीन माणसे. हे समर्थन मॅडिसनने स्वतःच्या नावावर घेतलेच नाही, एका काल्पनिक दक्षिणी बांधवाच्या तोंडी घातले. कायदा गुलामाला काही बाबतीत माणूस आणि काही बाबतीत मालमत्ता मानतो, तर घटनेनेही तसेच मानावे, असा तो बांधव म्हणतो. (अशील अडचणीचे असले की वकील काय करतो, ते आम्हाला चांगले ठाऊक आहे.) मॅडिसन स्वतः गुलामांचा मालक. गुलामांच्या डोक्यांवर मालकांच्या राज्याला जादा जागा मिळाल्या. मतदाराला पटवण्यासाठी 85 निबंध खर्ची पडले; ज्याला पाचात तीन मोजले त्याला पटवण्याची गरज कुणाला वाटली नाही.

तो हिशेब पुसायला यादवी युद्ध लागले. 1865 ला तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपवली, 1868 ला चौदावीने पुरी मोजणी आणली. पुढे 1873 साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली.