जुन्या जीपच्या अंतर्भागाचे पत्राकाम

जुन्या मोटारींच्या अंतर्भागाचे वर्णन करताना कातडी आसने, लाकडी पट्ट्या आणि मखमली छत यांचा उल्लेख सहसा आधी येतो. परंतु १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेत सुमारे साडेसहा लाखांच्या घरात तयार झालेल्या विलीज एमबी व फोर्ड जीपीडब्ल्यू या जीपगाड्यांना आणि त्यांच्या वंशातील सीजे-३बी या मुलकी जीपला हे वर्णन मुळीच लागू पडत नाही. या गाड्यांत डॅशबोर्ड, तळ, गिअरबॉक्सवरील आच्छादन, आसनांचे सांगाडे व हत्यारपेटी हे सारे पोलादी पत्र्याचेच असते आणि त्यावर रंगाखेरीज दुसरे आवरण नसल्यामुळे कारागिराच्या हातून झालेली चूक झाकण्यास जागा उरत नाही. महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगाव येथे विलीज जीपची जोडणी सुरू केली आणि पुढे सीजे-३बीचे उत्पादन भारतात दीर्घकाळ चालले. त्यामुळे जीपच्या अंतर्भागाचे सुटे भाग नव्याने घडविणे हे काम महाराष्ट्रातील गॅरेजांना परके नाही.

या गाड्यांचा तळ कुजतो तो प्रामुख्याने मूळ रचनेमुळे. युद्धकालीन जीपच्या तळाखाली बळकटीसाठी टोपीच्या छेदाच्या पोलादी पन्हळी जोडलेल्या असून त्यांच्या पोकळीत लाकडी पट्ट्या बसविलेल्या होत्या. हे लाकूड पाणी शोषून धरते आणि वरचा पत्रा आतून खाल्ला जातो. शिवाय पत्र्यावर पत्रा ठेवून ठिकठिकाणी बिंदुजोड, म्हणजे तांब्याच्या दोन टोकांमधून वीज सोडून केलेले स्पॉट वेल्डिंग, केलेले असल्याने दोन जोडबिंदूंमधील फटीत ओलावा शिरतो, आणि कोकणासारख्या दमट, खाऱ्या हवेत गंज तेथूनच पसरू लागतो.

नव्या भागासाठी सीआर, म्हणजे थंड अवस्थेत लाटलेला, मृदू पोलादी पत्रा वापरणे इष्ट ठरते. आयएस ५१३ या भारतीय मानकात त्याच्या ताणक्षमतेनुसार प्रती ठरविल्या असून साध्या घड्यांसाठी खालची प्रत पुरते, खोल उठावासाठी मात्र ईडीडी ही अधिक ताणली जाणारी प्रत घ्यावी लागते. जाडी सामान्यतः १८ गेज, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर असते. पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे १ मिलिमीटरचा पत्रा वजनात थोडासाच हलका पडतो, पण त्याचा ताठपणा मूळच्या पत्र्याच्या जेमतेम ५८ टक्के भरतो. गंज टळावा म्हणून जस्तलेपित पत्रा वापरण्याचा मोह होतो. परंतु जोडकामाच्या उष्णतेने जस्ताची वाफ होऊन कारागिरास ताप व थंडी भरते, म्हणून जोडाच्या कडांवरील लेप आधी घासून काढणे व हवा खेळती ठेवणे अत्यावश्यक आहे.

मोजमाप घेण्याचा टप्पा सर्वांत नाजूक असून त्यातच बहुतेक कामे बिघडतात. छापील आराखड्यातील मापे गाडी कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवसापुरती खरी असतात. नंतरच्या धक्क्यांनी व दुरुस्त्यांनी डावी बाजू उजवीशी जुळेनाशी झालेली असते. म्हणून पुठ्ठ्याचा फर्मा प्रत्यक्ष गाडीवरच कापावा, आणि जुना तळ काढण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या भिंतींना आडव्या नळ्यांचा तात्पुरता आधार जोडावा. जीपला दरवाजे व छत नसल्यामुळे तळ सुटताच भिंती फाकतात आणि नवा तळ कितीही अचूक असला तरी तो बसत नाही.

हत्यारपेटीसारख्या सरळ घड्यांच्या भागात गणित महत्त्वाचे ठरते. पत्रा वाकताना बाहेरचा थर ताणला जातो, आतला दाबला जातो आणि त्यांच्या मधला तटस्थ स्तर तेवढा लांबीने कायम राहतो. समजा, तळ ३०० मिलिमीटर आणि दोन्ही भिंती १२० मिलिमीटर अशा बाहेरच्या मापांची पेटी १.२ मिलिमीटर पत्र्यातून तेवढ्याच आतील त्रिज्येने वाकवायची आहे. मापांची नुसती बेरीज ५४० मिलिमीटर होते, परंतु प्रत्येक काटकोनी घडीसाठी सुमारे २.२ मिलिमीटर वजा केले, तर कापायची लांबी ५३५.७ मिलिमीटर भरते. ही वजावट विसरल्यास पेटी चार मिलिमीटरहून अधिक मोठी होते आणि झाकण बसत नाही. दाब काढताच पत्रा किंचित मागे येत असल्यामुळे घडी नव्वद अंशांपलीकडे दोन-तीन अंश नेण्याचीही काळजी घ्यावी लागते.

गिअरबॉक्सवरील उंचवट्यासाठी मात्र नुसत्या घड्या पुरत नाहीत, कारण तो एकाच वेळी दोन दिशांनी वाकलेला असतो. येथे वाळूच्या पिशवीवर लाकडी मोगरीने ठोकून मध्यभाग ताणावा लागतो, कडा आक्रसून घ्याव्या लागतात, आणि मग हातोडी व डॉली, म्हणजे पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा, यांच्यामध्ये पृष्ठभाग मठारून सारखा करावा लागतो. पुण्याच्या तांबट आळीतील कारागीर तांब्याच्या भांड्यांवर जे मठारकाम करतात, त्याचे तत्त्वही हेच: ठोक्यांनी धातू कठीण होतो व त्याला आकार धरून ठेवण्याचे बळ येते. फार कठीण झाल्यास तो तडकतो, म्हणून मध्येच तापवून मऊ करावा लागतो. तांबे तापल्यावर पाण्यात बुडविले तरी मऊच राहते, पोलाद मात्र हवेत सावकाश निवू द्यावे. कारागिराचा खरा कस या उंचवट्यातच लागतो. कितीही चांगले यंत्र असले तरी ठोका कोठे थांबवायचा हे हातालाच कळते.

जोडताना उष्णतेने पत्रा आक्रसून वाकडा होतो, म्हणून एका टोकाकडून सलग सांधत न जाता दूरदूर टाके घालावेत व प्रत्येक टाका निवल्यावरच पुढचा घालावा. बिंदुजोडाचे यंत्र नसल्यास वरच्या पत्र्यास ६ ते ८ मिलिमीटरची भोके पाडून ती वेल्डिंगने भरल्यास दिसण्यात व बळात मूळच्या जवळ जाता येते. एकमेकांवर येणाऱ्या पृष्ठभागांना जस्तयुक्त प्रायमर आधीच लावावा, कारण नंतर तेथे ब्रश पोहोचत नाही. विलीज जीपची पेट्रोलटाकी चालकाच्या आसनाखालीच असल्याने ती रिकामी करून भागत नाही. टाकीतील वाफ स्फोटक असते, म्हणून टाकी व बॅटरी गाडीबाहेर काढल्याशिवाय ठिणगी पाडू नये.

डॅशबोर्डवर मधोमध वेगमापक आणि भोवती इंधन, तेलदाब, विद्युतप्रवाह व तापमान दाखविणाऱ्या चार लहान तबकड्या असतात. चार्जर किंवा रेडिओसाठी या पत्र्यास नवे भोक पाडणे अक्षम्य आहे. तशा सोयीसाठी वेगळी कंसपट्टी घडवून ती मूळच्याच बोल्टांवर बसवावी, म्हणजे पुढच्या मालकास ती खुणेविना काढता येईल. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या तुरिन सनदेनेही नवे भाग ओळखता येतील अशा कायम खुणेने दर्शवावेत असे सुचविले आहे. भारतात २०२१ मध्ये आलेल्या विंटेज वाहननोंदणीच्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चॅसिस, बॉडी वा इंजिनात मोठे फेरफार न झालेली गाडीच पात्र ठरते.

म्हणून जीपमालकांना एवढीच विनंती आहे की, गंजलेला तळ वा डॅशबोर्ड कापून निघाला की तो त्याच दिवशी भंगारवाल्यास देऊ नये. नवा भाग गाडीत पूर्ण बसेपर्यंत, आणि शक्य असल्यास त्यानंतरही, तो जपून ठेवावा, कारण भोकांची अंतरे, घड्यांच्या त्रिज्या आणि बिंदुजोडांच्या जागा यांचे इतके विश्वसनीय मोजमाप दुसरीकडे कोठेही मिळत नाही.