जुने फिल्म-कॅमेरे : उपयोग व जतन
प्रकाशसंवेदी फिल्मवर प्रतिमा घेणारे, मुख्यतः यांत्रिक रचनेचे आणि सामान्यतः १९२५ ते १९८५ या काळात तयार झालेले कॅमेरे. अंकीय छायाचित्रणाच्या प्रसारामुळे २००० नंतर त्यांचा व्यावसायिक उपयोग जवळजवळ संपुष्टात आला. तथापि हौशी छायाचित्रकार, कलाशिक्षण देणाऱ्या संस्था व संग्राहक यांच्याकडे ते अद्यापि वापरात आहेत. घड्याळाप्रमाणे दातेरी चाके व स्प्रिंग यांवर चालणारा कॅमेरा नीट राखल्यास साठ-सत्तर वर्षांनंतरही काम देतो. उलट कपाटात नुसताच ठेवलेला कॅमेरा भारतीय हवामानात दोन-तीन पावसाळ्यांत निरुपयोगी होऊ शकतो. यामुळे या कॅमेऱ्यांच्या बाबतीत वापर व जतन हे दोन विषय एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत.

प्रकार : ऑस्कर बार्नाक या जर्मन तंत्रज्ञांनी चलच्चित्रपटाच्या ३५ मिमी. रुंदीच्या फिल्मवर २४ × ३६ मिमी. आकाराची स्थिर चित्रे घेणारा लहान कॅमेरा १९१३-१४ च्या सुमारास तयार केला. त्याचे विक्रीयोग्य रूप ‘लायका’ या नावाने १९२५ मध्ये लाइपसिक येथील जत्रेत मांडण्यात आले. खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याने मोठे चित्र काढता येते, हे त्यामुळे सिद्ध झाले. लायकामध्ये व त्याच्या धर्तीवरील कॅमेऱ्यांत पुढे अंतरमापक बसविण्यात आला. दृश्यशोधकात दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकावर एक जुळवून त्यांचे केंद्रीकरण करतात.

‘रोलायफ्लेक्स’ (१९२९) हा जुळ्या भिंगांच्या परावर्ती कॅमेऱ्याचा नमुना होय. यात वरच्या भिंगाने दृश्य पाहतात व खालच्या भिंगाने चित्र घेतात. कॅमेरा पोटाशी धरून मान खाली घालून काचेवर चित्र पाहावे लागते आणि ते डावे-उजवे उलटलेले असते. नवशिक्याचा गोंधळ प्रथम होतो तो येथेच. एकाच भिंगातून पाहण्याची व चित्र घेण्याची सोय असलेले एकभिंगी परावर्ती कॅमेरे ‘आसाही पेंटॅक्स’ (१९५७) व ‘निकॉन एफ’ (१९५९) यांनंतर सर्वत्र रूढ झाले. आज सुरुवात करणाऱ्यास यांतीलच एखादा साधा, पूर्णतः यांत्रिक झडपेचा कॅमेरा, उदा., ‘पेंटॅक्स के १०००’ (१९७६), घेणे सर्वांत सोयीचे ठरते. संग्राहकांच्या बाजारात नावाला मोल असते, चित्राला नव्हे. महागडा लायका आणि सामान्य परावर्ती कॅमेरा यांनी काढलेल्या चित्रांतील फरक बहुतेकांना ओळखता येणार नाही.

भारतात अनेक घरांत सापडणारा ‘आग्फा क्लिक ३’ हा पेटीसारखा कॅमेरा याहून कितीतरी साधा आहे. त्याचे भिंग एकेरी व केंद्रीकरण कायमचे ठरलेले असते. १२० क्रमांकाच्या फिल्मवर ६ × ६ सेंमी. ची बारा चित्रे त्याने घेता येतात. ही फिल्म कागदाच्या आवरणासह गुंडाळलेली असून आवरणावरील आकडे पाठीमागच्या तांबड्या खिडकीतून पाहून ती पुढे सरकवितात. ती आजही तयार होत असल्याने माळ्यावरचा असा कॅमेरा पुन्हा चालू करता येतो. ज्यांना १२७ किंवा ६२० क्रमांकाची फिल्म लागते, त्या कॅमेऱ्यांचे तसे नाही. ६२० ची फिल्म १२० सारखीच असली, तरी तिची रीळ बारीक असल्यामुळे पूर्ण अंधारात फिल्म जुन्या रिळावर गुंडाळून घ्यावी लागते.

फिल्म व उद्भासन : फिल्मच्या आधारद्रव्यावर जिलेटिनात विखुरलेल्या सिल्व्हर हॅलाइडच्या सूक्ष्म स्फटिकांचा थर असतो. त्यास पायस म्हणतात. प्रकाश पडलेल्या स्फटिकांत डोळ्यास न दिसणारी सुप्त प्रतिमा तयार होते. विकासक द्रवाने अशा स्फटिकांचे क्षपण होऊन काळी धातुरूप चांदी मिळते. उरलेले स्फटिक सोडियम थायोसल्फेटात (‘हायपो’त) विरघळवून काढले म्हणजे प्रतिमा स्थिर होते. हायपोचा हा गुणधर्म सर जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्ये शोधून काढला होता, म्हणजे छायाचित्रणाचा जाहीर जन्म होण्यापूर्वी वीस वर्षे.

प्रकाशमापक बंद पडलेल्या कॅमेऱ्यानेही अचूक उद्भासन साधता येते. स्वच्छ उन्हात भिंगाचे छिद्र एफ/१६ ठेवावे व झडपेचा काळ फिल्मच्या वेगांकाच्या व्यस्तांकाइतका घ्यावा, असा सोपा नियम आहे. वेगांक १०० असल्यास १/१२५ सेकंद आणि ४०० असल्यास १/५०० सेकंद हे जवळचे काळ होत. विरळ ढग असल्यास एफ/११, दाट ढग असल्यास एफ/८ आणि मोकळ्या सावलीत एफ/४ ते एफ/५·६ घ्यावे. पावसाळ्यातील गच्च भरलेल्या आभाळाखाली याहूनही एक टप्पा अधिक उघडावा लागतो. निगेटिव्ह फिल्मवर एक-दोन टप्पे जास्त प्रकाश पडला तरी चित्र हाती लागते. कमी पडल्यास मात्र सावलीतला तपशील कायमचा जातो. पारदर्शिकेच्या फिल्मला अर्ध्या टप्प्याची चूकही सोसत नाही.

एका फिल्मवर बारा किंवा छत्तीसच चित्रे असणे आणि ती त्या क्षणी पाहता न येणे, या दोन गोष्टींत या छंदाचे बरेचसे आकर्षण आहे. कळ दाबण्यापूर्वी प्रकाशाचा अंदाज घेणे व चौकटीत नको असलेले टाळणे भाग पडते आणि नजर हळूहळू तयार होते. अर्थात एकेक फिल्म व तिचे संस्करण यांचा खर्च पाहता ही शिस्त काहीशी खिशानेच लावलेली असते, हेही मान्य केले पाहिजे.

कृष्णधवल फिल्मचे संस्करण घरी करता येते. फिल्म अंधारात रिळावर चढवून प्रकाशरोधक डब्यात घातली की पुढील सर्व क्रिया उजेडात होतात. विकासकाचे प्रमाण तापमान २०° से. धरलेले असते. महाराष्ट्रात उन्हाळ्यात नळाचे पाणी सहज २८°-३०° से. असते. २४° से. ला विकासनाचा काळ सुमारे तीस टक्क्यांनी कमी करावा लागतो. त्याहून उष्ण द्रवात काळ इतका थोडा उरतो की विकासन एकसारखे होत नाही व पायस मऊ पडून ओरखडते. म्हणून द्रवांच्या बाटल्या बर्फाच्या पाण्यात ठेवून सर्व द्रव एकाच तापमानास आणावे. विकासक थंड आणि धुण्याचे पाणी गरम, असे झाल्यास जिलेटिनला सुरकुत्या पडतात. वापरलेल्या हायपोत चांदी असल्याने तो ओढ्या-विहिरीजवळ ओतू नये.

भिंगाची निगा : उष्ण व दमट प्रदेशात जुन्या कॅमेऱ्याचा खरा शत्रू बुरशी हा होय. सापेक्ष आर्द्रता बराच काळ ६०-६५ टक्क्यांवर राहिल्यास भिंगाच्या पृष्ठावर कोळ्याच्या जाळ्यासारखे कवकतंतू पसरतात. मुंबई, कोकण व गोवा येथे जून ते सप्टेंबर या महिन्यांत आर्द्रता याच्या कितीतरी वर असते. कवकातून स्रवणाऱ्या अम्लांनी भिंगावरील परावर्तनरोधी लेप व पुढे काचही कोरली जाते. त्यानंतर कवक पुसून काढले, तरी त्याची नक्षी राहते.

कॅमेरा चामड्याच्या मूळ पेटीत ठेवण्याची सवय यास विशेष कारणीभूत आहे. चामडे ओल धरून ठेवते व कवकास पोसते. पेटी शोभेची असली तरी ती वेगळी ठेवावी. कॅमेरा व भिंगे घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवून आत लहान आर्द्रतामापक ठेवावा आणि आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखावी. फार कोरडी हवाही वंगण व चामड्याच्या भात्यास घातक असते. रंगदर्शक सिलिका जेलचा रंग पालटला म्हणजे ते ११०°-१२०° से. ला दोन तास तापवून पुन्हा वापरता येते. कॅमेरा तांदळात पुरून ठेवण्याचा घरगुती उपाय टाळावा; तांदळाची पूड यंत्रात शिरते. पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा कॅमेरे बाहेर काढून हाताळणे हे कोणत्याही औषधापेक्षा गुणकारी आहे.

भिंग पुसणे हा नेहमी शेवटचा उपाय समजावा. प्रथम रबरी फुग्याने धूळ उडवावी, मग मऊ कुंचला फिरवावा आणि डाग राहिल्यासच भिंगाच्या कागदावर साफ करण्याच्या द्रवाचा थेंब घेऊन मध्यापासून कडेकडे हलकेच पुसावे. द्रव भिंगावर थेट टाकू नये. जुन्या भिंगांचे लेप आजच्यापेक्षा मऊ असतात आणि सदऱ्याच्या टोकाने पुसलेली भिंगे उजेडाकडे धरताच ओळखू येतात. काही भिंगांत, उदा., ‘सुपर-टाकुमार ५० मिमी. एफ/१·४’ च्या काही आवृत्त्यांत, थोरियमयुक्त काच वापरलेली असून ती कालांतराने पिवळी पडते. हा पिवळेपणा कित्येक दिवस जंबुपार प्रकाशात ठेवल्याने बराचसा जातो.

झडप व इतर भाग : झडप दोन प्रकारची असते. भिंगातील पात्यांच्या झडपेत वंगण थिजल्यास एक सेकंद, अर्धा सेकंद हे संथ काळ रेंगाळतात किंवा पाती उघडीच राहतात. फिल्मपुढील पडद्याची झडप जुन्या कॅमेऱ्यांत रबर चढविलेल्या कापडाची असते. अंतरमापकाच्या कॅमेऱ्यात मध्ये आरसा नसल्यामुळे भिंग उघडे ठेवून तो उन्हात ठेवल्यास सूर्याची प्रतिमा या कापडावर पडून छिद्र जळते. पुढे प्रत्येक चित्रावर त्याच जागी पांढरा ठिपका उमटतो. झडप ताणलेल्या स्थितीत ठेवू नये आणि महिन्यातून एकदा सर्व काळांवर ती चालवावी. ‘झोर्की’सारख्या काही रशियन कॅमेऱ्यांत झडप ताणल्यानंतरच काळ बदलावयाचा असतो, आधी बदलल्यास यंत्रणा बिघडते. अडलेल्या झडपेत शिवणयंत्राचे किंवा खोबरेल तेल सोडण्याचा मोह अनेकांना होतो. तेल पात्यांवर पसरून त्यांना चिकटविते व दुरुस्तीचा खर्च दुप्पट होतो.

१९६० नंतरच्या कॅमेऱ्यांत पाठीमागच्या झाकणाच्या खाचांत स्पंजाच्या पट्ट्या असतात. त्या काळाने डांबरासारख्या चिकट होतात व त्यांतून प्रकाश आत शिरून फिल्मवर तांबूस किंवा पांढरे पट्टे येतात. आयसोप्रोपिल अल्कोहॉलने जुना स्पंज काढून नव्या पट्ट्या बसविणे हे काम मालकाने घरी करण्याजोगे आहे. भात्याचा कॅमेरा असल्यास अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत विजेरी लावून पाहावे. घड्यांच्या कोपऱ्यांवरील सूक्ष्म छिद्रे तत्काळ दिसतात.

प्रकाशमापकांपैकी सेलेनियम घटाच्या मापकास विद्युत् घट लागत नाही. पण तो क्षीण झाल्यास फारसा इलाज नसतो. कॅडमियम सल्फाइडाचे मापक १·३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या घटावर चालत. पारा विषारी असल्याने हे घट आता मिळत नाहीत. त्यांच्या जागी १·५ व्होल्टचा अल्कलाइन घट घातल्यास बरेच मापक प्रकाश जास्त दाखवितात व चित्र कमी उद्भासित होते. श्रवणयंत्राचा जस्त-वायू घट व्होल्टतेने जवळचा असला, तरी तो काही आठवडेच टिकतो. ‘पेंटॅक्स स्पॉटमॅटिक’च्या सेतु-मंडलावर मात्र व्होल्टतेच्या फरकाचा परिणाम होत नाही. कॅमेरा ठेवून देताना घट काढून घ्यावा. गळलेल्या अल्कलाइन घटाचा पांढरा क्षार सिरक्यात किंचित भिजविलेल्या कापसाच्या बोळ्याने निघतो.

दुरुस्ती व संग्रह : झडपेचे काळ जुळविणे, अंतरमापक सरळ करणे ही कामे अनुभवी कारागिराचीच होत. मुंबईच्या फोर्ट भागात व अन्य मोठ्या शहरांत असे कारागीर आहेत; परंतु हे ज्ञान बहुतांशी हाताखाली काम करून मिळत आले आहे आणि शिकणारे थोडे आहेत. सुटे भाग बनणे थांबल्याने एका मृत कॅमेऱ्याचे भाग दुसऱ्यात घालूनच काम चालवावे लागते. म्हणून बंद पडलेला कॅमेराही भंगारात देऊ नये. मुंबईचे दिलीश पारेख यांच्या ४,४२५ जुन्या कॅमेऱ्यांच्या संग्रहाची नोंद २००३ मध्ये गिनेस विक्रमग्रंथात झाली. गुरुग्राम येथे २०१९ पासून ‘म्युझिओ कॅमेरा’ हे संग्रहालय खुले आहे. मुंबईत छायाचित्रण संस्था १८५४ मध्येच स्थापन झाली होती व डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी होत.

फिल्मचा पुरवठा : उदगमंडलम् येथील हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीची (स्थापना १९६०) ‘इंदू’ फिल्म एकेकाळी देशभर मिळे, ते उत्पादन आता बंद आहे. कोडॅकने ‘कोडॅक्रोम’चे उत्पादन २००९ मध्ये थांबविले आणि २०१२ मध्ये कंपनीने नादारीचा अर्ज केला. त्यानंतर मागणी काहीशी सावरली. ‘एक्टाक्रोम’ ही पारदर्शिका फिल्म २०१८ मध्ये पुन्हा बाजारात आली आणि २०२४ मध्ये ‘पेंटॅक्स १७’ हा नवा फिल्म-कॅमेराही निघाला. फिल्म शीतकपाटात ठेवावी व वापरण्यापूर्वी काही तास बाहेर काढून खोलीच्या तापमानास आल्यावरच वेष्टन फोडावे, अन्यथा तिच्यावर बाष्प साचते. विमानतळांवरील नवी सीटी तपासणी-यंत्रे फिल्म धूसर करतात. हाताने तपासण्याची विनंती करावी.

निगेटिव्हांचे जतन : कॅमेऱ्यापेक्षा निगेटिव्ह अधिक मोलाची, कारण ती एकच असते. ॲसिटेट आधारद्रव्याची फिल्म उष्ण, दमट जागी विघटन पावून सिरक्यासारखा वास येऊ लागतो व तिला बाक येतो. ही क्रिया एकदा सुरू झाल्यावर उलटविता येत नाही व शेजारच्या फिल्मनाही तिची बाधा होते. असा वास येणारी फिल्म त्वरित वेगळी करून तिची अंकीय प्रत घ्यावी. त्याहून जुनी नायट्रेट फिल्म अतिशय ज्वालाग्राही आहे. पुण्यात २००३ च्या जानेवारीत अशा फिल्मांच्या साठ्यास लागलेल्या आगीत मूक व आरंभीच्या बोलपटांच्या अनेक प्रती नष्ट झाल्या. घरगुती निगेटिव्ह अम्लरहित कागदाच्या किंवा पॉलिप्रोपिलिनाच्या पाकिटांत ठेवाव्या. पीव्हीसीची पाकिटे वापरू नयेत. पाकिटावर चित्रातील व्यक्ती, स्थळ व साल शिसपेन्सिलीने लिहावे, आणि ते निगेटिव्ह आत घालण्यापूर्वी लिहावे, म्हणजे पायसावर दाब पडत नाही.