झोपेतून उठून शेजारी शोधणारी यंत्रे

३० जुलै २०१४, रमजान ईदचा दुसरा दिवस. सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर खचला. १५१ माणसे दगावली. बाहेर खबर पोहोचली ती एस.टी.च्या चालकामुळे, तो नेहमीच्या रस्त्याने आला, तर गावच दिसेना.

डोंगर खचण्याआधी मातीत पाणी मुरते, आतला दाब वाढतो, उतार किंचित कलतो. हे टिपणारे सेन्सर आहेत. केरळात मुन्नारच्या डोंगरात अमृता विद्यापीठाने जमिनीत भोके पाडून असे सेन्सर बसवले आणि त्यांची माहिती बिनतारी यंत्रांनी खाली आणली. जुलै २००९ च्या मुसळधार पावसात या यंत्रणेने लोकांना इशाराही दिला. माळीणसारख्या उतारांना हाच नमुना लागू पडतो.

ही छोटी यंत्रे दूरवर बोलू शकत नाहीत. आग विझवताना बादल्या हातोहात पुढे जातात, तशी माहिती एकाकडून शेजारच्याकडे जाते. म्हणजे प्रत्येकाला आधी आपला शेजारी सापडायला हवा. अडते ते इथेच.

कारण बॅटरी. या कामात बराच वापरला गेलेला एक रेडिओ बोलताना सुमारे १७ मिलिअँपिअर वीज घेतो आणि नुसता कान देऊन बसला तर सुमारे १९! ऐकणे हे बोलण्यापेक्षा महाग. साध्या पेन्सिल सेलवर तो सतत जागा ठेवला, तर पाच-सहा दिवसांत सगळे संपेल. भर पावसात डोंगर चढून दर आठवड्याला सेल कोण बदलणार? म्हणून यंत्र शंभरातला एखादाच क्षण जागे राहते, बाकी वेळ झोपते. पण सलाम करणारा जागा आणि ऐकणारा झोपलेला असेल, तर जवाब कोण देणार? त्यात दोघांची घड्याळेही जुळलेली नसतात.

२००१ मध्ये एक उपाय पुढे आला. प्रत्येक यंत्राने मनाला येईल तेव्हा बोलावे, ऐकावे किंवा झोपावे. वर्गात २३ मुले असली की कुणा दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, त्याच हिशोबावर ही रीत उभी आहे. नावही 'बर्थडे प्रोटोकॉल'. सरासरी भेट लवकर होते. पण एखादी जोडी कितीही काळ चुकू शकते, आणि दरडीच्या बाबतीत 'बहुधा' हा शब्द आम्हाला पुरेसा वाटत नाही.

२००८ मध्ये प्रबल दत्ता आणि डेव्हिड कलर यांनी 'डिस्को' ही रीत मांडली. तिच्या मुळाशी मूळसंख्या आहेत. आम्ही शिक्षक मंडळी लसावि शिकवतो आणि मुले विचारतात, "याचा उपयोग काय?" त्यांच्यासाठी हे घ्या. एक यंत्र दर ४ मिनिटांनी उठते: ४, ८, १२. दुसरे दर ६ मिनिटांनी, पण पहिल्या मिनिटापासून: १, ७, १३. एक नेहमी समवर, दुसरे नेहमी विषमवर. वर्षभर शेजारी राहूनही गाठ पडणार नाही. आता ५ आणि ७ घ्या. दुसरे उठेल १, ८, १५, २२, २९ ला. यांना ५ ने भागा. बाकी उरते १, ३, ०, २, ४. एकही बाकी सुटत नाही, म्हणून शून्यही येणारच, आणि १५ व्या मिनिटाला दोघे एकदम जागे! सुरुवात कुठूनही करा, ३५ मिनिटांत एक भेट ठरलेली. बाकीच्या अशा कोड्यांवर प्राचीन चिनी गणित्यांनी विचार केला, आर्यभटानेही केला आणि इब्न अल-हैसम यांनीही.

दोघांनी ७ हाच आकडा निवडला तर? मग पुन्हा चुकामूक. म्हणून डिस्कोमध्ये प्रत्येक यंत्र दोन मूळसंख्या बाळगते. ३७ आणि ४३ घेतल्या तर ते सुमारे ५ टक्के वेळ जागे राहते. ३७ गुणिले ४३ म्हणजे १५९१ पाळ्या. पाळी सेकंदाच्या शंभराव्या भागाची धरली, तर १६ सेकंदांत शेजारी सापडतो. जाग १ टक्क्यावर आणायची तर १९९ आणि २११ घ्या. सेल पुष्कळ जास्त टिकतील, पण शोधाला सात मिनिटेही लागू शकतील. पाळ्यांच्या सुरुवाती तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून यंत्र पाळीच्या आरंभी आणि शेवटी, असे दोनदा 'मी इथे आहे' म्हणते.

शेजारच्या जुन्नर तालुक्यात खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला ही दगदग नाही. तिथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, त्या पक्क्या पायावर उभ्या आहेत आणि ऑप्टिकल फायबरने जोडलेल्या आहेत. सरकत्या उतारावर मात्र अशी तार जमिनीबरोबरच तुटेल.

एकदा ओळख पटली की शेजारी यंत्रे आपल्या उठण्याच्या वेळा ठरवून घेतात. तरीही शोध थांबवता येत नाही. पावसात झाड आडवे पडते, एखादे यंत्र बंद पडते, त्याच्या जागी नवे येते. म्हणून आमच्या मते आकडे ऋतूप्रमाणे बदलावेत: उन्हाळ्यात १९९ आणि २११, मृग लागला की ३७ आणि ४३.