उल्हासनगरचे दादा: गावच उरलं नाही, मग पाठवणार कुठे?

मी अंबरनाथचा. कल्याणहून कर्जत लोकल पकडली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, मग आमचं अंबरनाथ आणि पुढे बदलापूर. कॉलेजला जाताना रोज हाच प्रवास. उल्हासनगर आलं की डब्यात ठरलेले विनोद: ‘मेड इन यूएसए’, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! हसलो आपण सगळेच. पण ज्यांच्यावर हसलो, त्या पिढीच्या आजोबांनी नेमकं काय केलं? आजचा भाग त्यावर.

आधी थोडा इतिहास. १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराची आणि मुंबई एकाच सरकारखाली. १९४७ ला फाळणी झाली. पंजाब आणि बंगालचे दोन तुकडे झाले, अर्धा भाग भारतात राहिला. सिंधचा मात्र तुकडा पडला नाही. तो अख्खा पाकिस्तानात गेला. म्हणजे तिथून निघालेल्या हिंदू सिंध्यांना भारतात ‘आपला’ असा एकही जिल्हा नव्हता. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली आणि जहाजं भरभरून माणसं मुंबईच्या बंदरात उतरायला लागली.

त्यांना ठेवायचं कुठे? कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी रिकामी पडली होती. दोन हजारांहून जास्त बराकी! तिथे पाच कॅम्पांत नव्वद हजारांवर माणसं राहायला आली. आजही आपण पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर तीन’ म्हणतो ना, तो हाच कॅम्प. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि शेजारच्या उल्हास नदीवरून नाव पडलं उल्हासनगर.

बराक म्हणजे काय, तर लांबलचक हॉल. एका हॉलमध्ये कितीतरी कुटुंबं, आणि दोन घरांमधली भिंत म्हणजे गोणपाट नाहीतर जुनी साडी. माझ्या एका मित्राचे आजोबा अशाच बराकीत वाढले. आम्ही पोरं त्यांना ‘दादा’ म्हणायचो. सिंधमध्ये त्यांच्या वडिलांची जमीन होती, दाराशी घोडी होती. इथे आल्यावर तेराव्या वर्षी दादा लोकलमध्ये गोळ्या-चॉकलेटं विकायला लागले. त्यांची आई रात्री पापड लाटायची. दादा म्हणायचे, “भीक मागायची नाही, एवढंच बाबांनी सांगितलं होतं. बाकी काहीही विका.”

असं एकट्या दादांच्याच घरात झालं नाही. पापड, लोणची, बिस्किटं, शिवणकाम, मग फर्निचर, मग जीन्स. मोठं भांडवल नव्हतं, म्हणून घरातूनच सुरू होईल असा धंदा निवडला. नफा कमी ठेवायचा, माल जास्त खपवायचा, आणि घरातल्या प्रत्येकाने हात लावायचा. आपल्याला ‘स्वस्त माल’ दिसतो, त्यामागचं गणित हे होतं. त्या पिढीला ‘शरणार्थी’ हा शब्द टोचायचा. ते स्वतःला ‘पुरुषार्थी’ म्हणवून घ्यायचे.

आता माझ्या आजोबांचं सांगतो. तेही बाहेरूनच आले, राजापूरकडून, अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यात. कष्ट त्यांनीही उपसले. पण दर महिन्याला त्यांची मनीऑर्डर गावी जायची आणि गणपतीला ते स्वतः जायचे. चाकरमान्याला गाव असतं. तिथे त्याची वाट बघणारं कोणीतरी असतं. जगभरचे कष्टकरी बाप याच जोरावर दिवस काढतात, दुबईतले असोत की जहाजावरचे.

दादांना मनीऑर्डर पाठवायला पत्ताच नव्हता. मे महिन्यात सगळे गावाला निघाले की ते दुकान उघडून बसायचे. मला वाटतं, स्थलांतरित आणि निर्वासित यांतला फरक इथे कळतो. दोघंही तेवढेच राबतात, पण एकाला परतीचं तिकीट काढता येतं.

मग दादांनी सगळं इथेच लावलं. आधी फूटपाथ, मग टपरी, मग कापडाचा गाळा. १९५४ च्या कायद्याने मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे मान्य झालेल्यांना भरपाई मिळायला लागली. ज्याच्याकडे कागद होते, त्याचं जमलं. दादांच्या घरचे कागद सिंधमध्येच राहिले होते.

दुकान मुलाला मिळालं, घर नातवाला. भाषा मात्र मध्येच राहिली. १९६७ मध्ये सिंधी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, पण तिला स्वतःचं राज्य नाही. शिवाय लिप्या दोन: अरबी वळणाची आणि देवनागरी. दादांची वही अरबी वळणाची, बावन्न अक्षरांची, उजवीकडून डावीकडे लिहिलेली. माझा मित्र सिंधी बोलतो झकास, पण ती वही त्याला वाचता येत नाही. त्यात उधारी आहे की आठवणी, हे विचारायचं राहून गेलं आणि आता दादा नाहीत.

१९४८ ला जो दहा वर्षांचा होता, तो आज नव्वदीच्या घरात आहे. तुमच्या घरात, शेजारी, एखाद्या गाळ्यात असं कोणी असेल, तर या रविवारी जाऊन बसा. पापड आणि पाणी समोर येईलच, सिंधी घराची ती रीतच आहे. परवानगी घ्या, फोनचा रेकॉर्डर चालू करा आणि सोपे प्रश्न विचारा. गावाचं नाव काय? बराक कितवी? पहिल्या दिवशी काय विकलं? किती पैसे मिळाले? आणि घरात जुनी वही असेल तर तीही पुढ्यात ठेवा, त्यांच्याकडूनच वाचून घ्या.

रेकॉर्डिंग आधी घरच्यांना ऐकवा. चला, भेटू पुढच्या भागात!