दफनाच्या एका नोंदीवरून अख्खं घराणं

बंगळुरूच्या जुन्या दफन नोंदवह्यांमध्ये १९व्या शतकातली कितीतरी खेडी दडलेली आहेत. त्या कशा वाचायच्या आणि दहन करणाऱ्या मराठी घरांनी त्याऐवजी काय धुंडाळायचं?

पणजोबांच्या मागे आपलं घराणं कुठलं, हा प्रश्न घराघरांत विचारला जातो आणि बहुतेक वेळा तिथेच अडकतो. १९व्या शतकात खेड्यातल्या माणसाचं नाव कागदावर क्वचितच यायचं. जमीन असली तर महसुली दप्तरात, नोकरी असली तर हजेरीपटात. बाकीच्यांना कागदावर आणलं ते बहुधा मृत्यूनं.

बंगळुरूत हे ठळकपणे दिसतं. १८०९मध्ये इथे इंग्रजांची लष्करी छावणी वसली. तिच्याबरोबर इंग्लंड-आयर्लंडच्या शेतकरी घरांतले शिपाई आले, तमिळ मुलखातल्या खेड्यांतून मजूर, स्वयंपाकी, मोतद्दार आले. यांतल्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांचा शेवट होसूर रोडच्या दफनभूमींत झाला. आज त्यांचे वंशज मूळ गाव शोधतात, तेव्हा सुरुवात तिथूनच करावी लागते.

नाव नव्हे, पान वाचा

अँग्लिकन चर्चच्या दफन नोंदीत साधारणपणे मृत्यूची आणि दफनाची तारीख, नाव, वय, हुद्दा किंवा व्यवसाय आणि विधी करणाऱ्या पाद्र्याची सही असते. प्रौढ माणसाच्या आईवडिलांचं नाव बहुतेक वेळा नसतं. नवखा शोधकर्ता इथेच निराश होतो. खरं तर त्यानं त्याच आडनावाच्या लहान मुलांच्या नोंदी शोधायला हव्यात. तान्हं मूल दगावलं की नोंदीत बापाचं नाव, हुद्दा आणि पलटण येते. आपल्याला हवा असलेला माणूस कोणाचा बाप होता, हे त्याच्या स्वतःच्या नोंदीतून कळत नाही, ते त्याच्या मुलाच्या नोंदीतून कळतं. पलटण कळली की लष्कराच्या भरतीपटांकडे जाता येतं. कंपनी सरकारच्या भरतीपटांत शिपायाचा जन्म कुठल्या गावचा, हेही अनेकदा लिहिलेलं असतं. बंगळुरूतल्या कबरीपासून इंग्लंडातल्या खेड्यापर्यंत वाट जाते ती अशी.

पान उलटण्याआधी वरच्या-खालच्या ओळीही पाहाव्यात. पटकी किंवा १८९८चा प्लेग, साथ आली की एकाच घरातली माणसं थोड्या दिवसांच्या अंतरानं जात. विधवांचे हाल तर वेगळेच. नवरा गेला की पलटणीकडून मिळणारा आधार लवकरच सुटे, म्हणून अनेक जणी लगेच दुसरं लग्न करत. त्यामुळे आईचं आडनाव बदललेलं दिसलं, तर दफनाच्या वहीबरोबर लग्नाची वहीही उघडावी.

या नोंदींच्या प्रती लंडनला जात. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. बंगळुरू म्हैसूर संस्थानात असलं, तरी इथल्या अँग्लिकन चर्चचा कारभार मद्रासकडे होता. म्हणून इथल्या नोंदी म्हैसूरच्या नावाखाली शोधू नयेत, मद्रास इलाख्याच्या खंडांत शोधाव्यात.

कॅथलिक घरांची वाट निराळी. त्यांच्या वह्या पॅरिशमध्येच राहतात आणि जुन्या नोंदी बहुधा लॅटिनमध्ये असतात. १९व्या शतकात इथे फ्रेंच मिशनरी काम करत. त्यांनी तमिळ-कन्नड नावं आपल्या कानाला जशी वाटली तशी लिहिली, त्यामुळे एकच नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं आढळू शकतं. बंगळुरूचा स्वतंत्र धर्मप्रांत १९४०मध्ये झाला. त्याआधीच्या कारभाराचा माग म्हैसूरच्या धर्मप्रांतात काढावा लागतो.

एका ओळीचं मोल कळायला बंगळुरूच्या लालबाग उद्यानाचे अधीक्षक गुस्ताव क्रुंबीगल यांचं उदाहरण घ्या. त्यांचा जन्म १८६५चा, जर्मनीत ड्रेस्डेनजवळच्या लोहमेन गावातला. लंडनच्या क्यू उद्यानात काम करून ते सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात आले, मग १९०८मध्ये बंगळुरूला. १९५६मध्ये ते इथेच वारले आणि होसूर रोडवर त्यांचं दफन झालं. ते नावाजलेले होते, म्हणून त्यांचं गाव आपल्याला ठाऊक आहे. त्यांच्याच आसपास पुरलेल्या अनेक अनाम माणसांच्या गावाकडे नेणारी मात्र नोंदवहीतली एक ओळच उरली आहे.

मराठी घरांनी कुठे शोधावं?

बंगळुरू १६३८च्या सुमारास शहाजीराजांच्या जहागिरीत आलं, तेव्हापासून इथे मराठी वस्ती आहे. बहुतेक मराठी घरांत दहन होतं, म्हणून दफनाची वही नाही. पण मृत्यूची नोंद आहेच. अस्थी घेऊन माणसं नाशिकला रामकुंडावर, त्र्यंबकेश्वरला जात. तिथले तीर्थोपाध्याय आपल्या यजमानांच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या जपतात. कोण आलं, कोणाच्या नावानं आलं, बरोबर कोणते भाऊ-पुतणे होते, गाव कोणतं, हे त्यांत मिळतं. आपल्या घराण्याचे उपाध्याय कोण, हे मूळ गावाच्या आणि आडनावाच्या आधारानं क्षेत्री विचारलं की बऱ्याचदा कळतं.

दुसरा आधार कोतवाल बुकाचा, म्हणजे गाव नमुना १४चा. गावातले जन्म-मृत्यू त्यात लिहिले जात, बापाच्या नावासह आणि जातीसह. जुनी पानं मोडी लिपीत आहेत. २०२३मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा या वह्यांचं मोल महाराष्ट्राला नव्यानं कळलं. बेळगाव, धारवाड, विजापूरही १९५६पर्यंत मुंबई राज्यात होते, म्हणून तिथून बंगळुरूला आलेल्या घरांनी तिथली जुनी दप्तरं जरूर पाहावीत.

आधी घरातल्या थोरल्या माणसांकडून नावं, गावं, कुलदैवत आणि वर्षश्राद्धाची तिथी लिहून घ्या. तिथीवरून निदान महिना निश्चित होतो. मग चर्चमध्ये किंवा तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात जा, मोडी वाचक शोधा. जागेच्या टंचाईनं जुन्या कबरी पुन्हा उघडल्या जातात, वह्यांना वाळवी लागते आणि प्रत कुठेच नसेल तर ते घराणं कायमचं हरवतं. म्हणून पाद्र्यांची, उपाध्यायांची किंवा तहसीलदारांची रीतसर परवानगी घेऊन पानाचा फोटो काढा आणि त्याची एक प्रत त्यांच्याकडेही ठेवा. तुम्हाला लागणारी ओळ त्या पानावर एकच असेल, पण उरलेल्या ओळी दुसऱ्या कुणाच्या तरी पूर्वजांच्या आहेत.