चासीचा गंज आणि त्यावरील उपाय
अमेरिकेच्या ईशान्य भागात हिवाळ्यात रस्त्यांवरचा बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकले जाते आणि ते खारे पाणी जुन्या पिकअप ट्रकच्या चासीत, म्हणजे इंजिन व हौदा पेलणाऱ्या पोलादी सांगाड्यात, शिरून तिला बहुधा आतूनच पोखरते. टोयोटाने टॅकोमासह काही मॉडेलांच्या अतिगंजलेल्या चासी बदलून देण्याची तडजोड २०१६ मध्ये स्वीकारली, यावरून या दोषाचे गांभीर्य कळते.

हातोडीने ठोकल्यावर चासीचा पत्रा बद्द वाजला वा फुटला, तर गंजका भाग निरोगी धातूपर्यंत कापून तेथे तेवढ्याच जाडीची पट्टी वेल्डिंगने जोडावी लागते. पट्टीची टोके तिरकी ठेवली जातात, कारण सरळ आडव्या सांध्यावर ताण एकवटून तडा जाऊ शकतो. छिद्रांवर नुसती लांबी भरून रंग फासणे ही दुरुस्ती नव्हे, तो प्रवाशांच्या जिवाशी केलेला खेळ आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने आतला लेप जळत असल्याने पोकळीत गंजरोधक मेण पुन्हा फवारावे लागते.